रूपरावांनी आवळलेले बोल्ट

रोहण्याचे रूपराव एखादी गोष्ट बंद करायचे ती कायमचीच. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं, की त्यांच्या बायकोला, सुमित्राबाईंना, ती बरणी घेऊन शेजारी जावं लागे. विहिरीवरच्या पाइपाचा कॉक त्यांनी एकदाच फिरवला; नंतर तो कापून काढावा लागला. माणूस अगदी साधा, कुणाला मोठ्यानं बोलायचा नाही. पण हातात पाना आला, की कुठं थांबायचं हे त्यांना कळत नसे.

अठ्ठ्याहत्तर साली संत्र्याला चांगला बहार आला आणि त्यांनी पुलगावच्या एका डॉक्टरांची जुनी अंबॅसडर घेतली. वर्षभर ती नीट चालली. मग एका दुपारी शेताच्या वाटेवर एक दगड खालून इंजिनाला लागला. रूपराव उतरून वाकले तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं आणि सगळं तेल मातीत चाललं होतं. गाडी बैलांनी ओढून घरी आणली. बघायला निम्मं गाव.

आर्वीच्या गोमाजी मिस्त्रीकडे दुसरं चेंबर मिळालं. सोबत त्यांनी बुचाच्या लाकडाचं पातळ पॅकिंगही दिलं. चेंबर आणि इंजिन यांच्या मध्ये बसतं ते.

"मी येऊन बसवून देतो जी," गोमाजी म्हणाले.

"वीसेक बोल्ट तं हायेत. त्याले मिस्त्री काऊन लागते?"

"बरं, मंग ऐका. पयले सारे बोल्ट नुसत्या हातानं लावजा. मंग मधातून सुरुवात करजा, एक इकडचा, एक तिकडचा. थोडा थोडा. अन् जोर..."

जोरापर्यंत रूपराव थांबलेच नाहीत. चेंबर खांद्यावर टाकून ते एसटी स्टँडकडे निघाले होते.

घरी त्यांनी एका कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिला बोल्ट पक्का, मग शेजारचा पक्का, मग त्याच्या शेजारचा. पाना आखूड वाटला म्हणून त्याच्या दांडीत हातभर पाइप घातला. तेल भरून गाडी सुरू केली तेव्हा खाली थेंब पडायला लागले. रूपरावांनी बोल्ट आणखी आवळले. थेंबांची धार झाली. त्यांनी आणखी आवळले. एका बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं. ते त्यांनी गुपचूप पायजम्याच्या खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर ते टणकन वाजलं, तेव्हा सुमित्राबाईंनी ते उचलून देवळीत ठेवून दिलं.

गाडी चालायची, पण तेलाचा डबा सोबत ठेवावा लागे. तशीच ती घेऊन ते दोघं नालवाडीला लेकीच्या सासरी गेले. शोभा तिथं दिली होती. तिची सासू भागाबाई यांनी त्या दिवशी अंगण सारवून रांगोळी काढली होती. रूपरावांनी गाडी नेमकी रांगोळीला लागून उभी केली. जेवणं उरकून सगळे बाहेर आले तर अंगणात काळं तळं, आणि रांगोळीतला मोर मानेपर्यंत तेलात. भागाबाई "असू द्या, असू द्या" म्हणत राख टाकत होत्या. शोभेनं डोळे वर केले नाहीत.

महिन्याभरानं पुन्हा जाणं झालं. या वेळी व्याही नानाजी फाटकातच उभे होते.

"या इवाई, या! थोडी मागं घ्या गाडी. आणखी हातभर. हां, थांबा. आता बराबर परातीवर आली."

अंगणात मोठी परात मांडून ठेवली होती.

"तुमचं तेल वाया नाई जाऊ देत आमी," नानाजी मोठ्या आदरानं म्हणाले.

सगळे हसले. रूपरावही हसले, पण जेवताना त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. परतताना पुलगाव येईपर्यंत ते गप्प होते.

"मी काई म्हटलं का तुमाले?" सुमित्राबाईंनी शेवटी विचारलं.

"नाई."

"मंग माह्यावर काऊन फुगून राह्यले?"

"तुह्यावर नाई फुगलो." जरा वेळानं ते म्हणाले, "चेंबरच खराब देलं गोमाजीनं."

सुमित्राबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. उन्हाकडे पाहून हसत असतील, असं रूपरावांनी ठरवलं.

पुढच्याच महिन्यात नातवाचं जावळ होतं. परातीवर तिसऱ्यांदा गाडी उभी करण्यापेक्षा बसनं गेलेलं बरं, असं रूपराव म्हणू लागले. तेव्हा सुमित्राबाईंनीच आर्वीला निरोप धाडला. गोमाजी आले, पण उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मोटरसायकलवरून पडले होते.

"मी सांगतो, तुमी करा," ते रूपरावांना म्हणाले. "पण आता पुरं ऐका."

घरामागची पाण्याची नाली उन्हाळ्यात कोरडी होती. गाडी तिच्यावर आडवी घेतली, पुढची चाकं एका काठावर, मागची दुसऱ्यावर. चाकांना दगड लावले. रूपराव नालीत बसले आणि त्यांनी बोल्ट सोडवले. अर्धा दिवस त्यातच गेला. चेंबर खाली आलं तेव्हा गोमाजींनी ते डाव्या हातानं उलटं करून उन्हात धरलं.

"पहा. जथी जथी तुमी जोर लावला तथी पत्रा दबला. अन् दोन बोल्टांच्या मधात उचलला. तेल तथून चाललं."

पॅकिंगचे तर तुकडे झाले होते. कुठं चिरडून बाहेर आलेले, कुठं नुसता भुगा. रूपरावांनी एक तुकडा उचलून पाहिला.

"म्हणजे मी जेवढं आवळलं..."

"तेवढं तुमीच तेल काढलं."

सुमित्राबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

पत्रा सपाट करायचं काम मात्र रूपरावांनी छान केलं. खाली लाकडी ठोकळा, वरून हलके ठोके. तुटलेला बोल्ट छिद्रातून काढला, चेंबर आणि इंजिनाची कड रॉकेलनं पुसून लख्ख केली, नवं पॅकिंग ठेवलं, सगळे बोल्ट बोटांनी लावले. मग त्यांनी पाना घेतला. पाइप गोमाजींनी आधीच कुंपणापलीकडे फेकला होता.

पहिला बोल्ट आवळताना रूपरावांच्या तोंडून "अंहं" असा आवाज निघाला.

"थांबा!" गोमाजी ओरडले. "बोल्ट आवळतानी तोंडातून आवाज आला म्हणजे जास्त झालं. ढिला करा."

रूपरावांनी ढिला केला. पुन्हा आवळला. पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ गच्च मिटले, तर आवाज नाकातून आला.

गोमाजी डोक्याला हात लावून काठावर बसले. मग त्यांनी मान वळवली.

"वहिनी, तुमी या खाली."

"अगं माय! मी?"

"हाव. तुमचा हात हलका हाय. नाईतर हे पॅकिंगही जाते."

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रूपरावांच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं. मग त्यांनी पाना पुढे केला आणि नालीत सरकून जागा दिली. सुमित्राबाईंनी पदर खोचला आणि खाली उतरल्या.

"पाना टोकाशी नोका धरू, डोक्याजवळ धरा," गोमाजी वरून सांगू लागले. "दोनच बोटं. पयले मधातला, मंग त्याच्या समोरचा. थोडासाच फिरवा अन् पुढं चला. सारे झाले का पुन्हा पयल्यापासून."

पहिल्या फेरीत त्या भराभर गेल्या. दुसऱ्या फेरीत सावकाश. रूपराव शेजारी उकिडवे बसून पुढचा बोल्ट बोटानं दाखवत होते. एकदा न राहवून त्यांचा हात पान्याकडे गेला. सुमित्राबाईंनी त्यावर हलकी चापट मारली. तिसऱ्या फेरीत त्या मध्येच थांबल्या.

"भाऊ, बुचाची कड जराशी फुगून बाहेर दिसून राह्यली."

"चारी बाजूनं सारखी?"

"हाव. सारखी."

"झालं मंग. आता हात नोका लावू."

"एवढंच?" रूपराव म्हणाले. "आणखी थोडं..."

"नाई!" दोघं एकदम म्हणाले.

त्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी रूपराव तोंड न धुताच तिकडे गेले. कागद कोरडा होता. त्यांनी तो उचलून उजेडात धरला, उलटा केला, आणि नीट घडी करून आत आणला. आनंद झाला होता, पण तो कसा दाखवावा ते कळेना.

जावळाच्या दिवशी नालवाडीला परात तयारच होती. रूपरावांनी मुकाट्यानं तिच्यावर गाडी उभी केली. कार्यक्रम झाला, जेवणं झाली. नानाजी पाहुण्यांना घेऊन गंमत दाखवायला बाहेर आले. परातीत लिंबाची दोन पानं पडली होती, बाकी काही नाही. नानाजींनी बोट फिरवून पाहिलं.

"इवाई, कोन्या मिस्त्रीनं बसवलं?"

रूपराव गोमाजींचं नाव सांगू शकले असते. त्यांनी एकदा चेहरा पुसला.

"हिनं," ते म्हणाले.

नानाजी खो खो हसले. हसता हसता त्यांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं, तर त्या हसत नव्हत्या. रूपरावही हसत नव्हते. मग नानाजींचं हसू हळूहळू उतरलं आणि दारातून भागाबाईंचं सुरू झालं.

परतीच्या वाटेवर ऊन कललं होतं. पुलगाव मागं पडल्यावर रूपराव म्हणाले, "तुले गाडी चालवणं शिकवू का?"

"कोन शिकवन?"

"मी."

"मंग राहू द्या."

रूपरावांनी मान डोलावली. तेवढं त्यांना मान्य होतं. थोडं अंतर गेल्यावर सुमित्राबाई त्यांच्या पायांकडे वाकून पाहू लागल्या.

"ब्रेक कोनता हाय त्यातला?"