डब्यातला जबाब

गावसभेच्या खोलीत शिरताच बोंग-शिमला उकडत्या डुकराचा वास आला आणि नकोसा वाटला. एरवी हा वास तिला आवडायचा. पण सुनावणी सुरू व्हायच्या आधीच बाहेर पातेलं चुलीवर चढलं होतं, जमलेल्यांना चवीचे तुकडेही वाटून झाले होते, आणि ते पातेलं गावप्रमुख कुक पान-सोकनं चढवलंय, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

सुनावणी तिच्याच शेताची होती. डोंगरउतारावरचं मिरचीचं शेत, सासऱ्याच्या वेळचं. कागद लढाईत जळालेले. आता नवा कायदा आला होता. गावातल्या तीन जाणत्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं की अमका ही जमीन इतकी वर्षं कसतो, की झाली जमीन अमक्याच्या नावावर. पान-सोकनं आपल्या शहरातल्या मेव्हण्यासाठी असे तीन शिक्के मिळवले होते. तो मेव्हणा त्या शेतात कधी उतरला असेल तर लघवीला. हरकत घ्यायची मुदत आज संपत होती. आज बोलली नाही तर पुढं तिचं कुणी ऐकणार नव्हतं.

आठवडाभर मिरच्या निवडता निवडता तिनं बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, रडायचं नाही.

कचेरीतून आलेले हाम साहेब खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी फाइल उघडली आणि मान वर न करताच म्हणाले, की तुमचा जबाब तर लागलेलाच आहे. वाचूनही दाखवला: मला म्हणणं मांडायची पुरेपूर संधी मिळाली, माझी काही हरकत नाही. खाली सहीच्या जागी तिच्या नावाचा तांबडा गोल शिक्का.

"हे मी कधी बोलले?" बोंग-शिमनं विचारलं.

"शिक्का तुमचाच ना, आजी?"

शिक्का तिचाच होता. खताला शिक्का, बियाण्याला शिक्का, डुकरांच्या लसीला शिक्का. दर वेळी घरोघर कोण फिरणार, म्हणून सगळ्या गावानं आपापले लाकडी शिक्के प्रमुखाकडं देऊन ठेवले होते. याच खोलीतल्या कपाटात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ते पडलेले असत. तिनंही दिला होता. वर म्हणाली होती की राहू द्या भावजी तुमच्याकडंच, माझ्याकडून हरवेल. ते आठवलं आणि तिला आधी स्वतःचीच किळस आली.

मग तिनं योम दल-सूकडं पाहिलं. तिघा साक्षीदारांतला हा सगळ्यात थोरला, तिच्या वारलेल्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. त्या उतारावरच्या बांधाचे दगड या दोघांनी पाठीवर वाहिले होते.

"दादा, तुम्ही लिहून दिलंत, की पान-सोकभावजींचा मेव्हणा वीस वर्षं तिथं राबतोय?"

म्हाताऱ्यानं दाढेत अडकलेलं मांस जिभेनं सोडवलं. "शिक्का आहे, तर दिलं असेल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

"आता या वयात काय काय ठाऊक ठेवायचं?" असं म्हणून त्यानं आपल्या मोज्याचं भोक बोटानं झाकलं.

पान-सोक हसत हसत मध्ये पडला. वहिनींचं मन भरून आलंय, म्हणाला, आधी चार घास खाऊ, मग निवांत बोलू. दोघंतिघं लगेच उठायलाही लागले.

बोंग-शिम उठली ती कपाटाकडं गेली. डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. पस्तीस-चाळीस शिक्के घरंगळले. तिनं हाम साहेबांसमोर वर्तमानपत्र पसरलं, तांबड्या शाईची डबी उघडली आणि हाताला येईल तो शिक्का उचलून दाबायला सुरुवात केली. एक, दुसरा, तिसरा. कागदावर गाव उमटत गेलं.

तेव्हा कुठं खोलीला कंठ फुटला. माझ्या शिक्क्याला हात कुणी लावायला सांगितला, एकजण खेकसला. अक्कल गहाण टाकलीस का, दुसरी म्हणाली. तिचं शेत जात होतं तेव्हा हीच तोंडं मांस चघळत होती.

"अक्कल सगळ्यांनीच डब्यात टाकली होती," बोंग-शिम म्हणाली. "साहेब, बघा. एवढी माणसं आत्ता तुमच्याशी बोलली. कुणाचा आवाज ऐकलात?"

हाम साहेबांनी कागदाकडं पाहिलं, मग पान-सोककडं. पान-सोक हसायचा थांबला होता. साहेबांनी जुना जबाब फाइलमधून काढून बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. या बाईंचा जबाब आत्ता, माझ्यासमोर होईल, म्हणाले; आणखी कुणाला सांगायचं असेल तर त्यानं बसावं.

कुणी बसलं नाही. एकेकानं वाकून आपापला शिक्का शोधला, बाहीला पुसून खिशात टाकला आणि दाराशी जाऊन बूट चढवले. योम दल-सूला शिक्का सापडेना. तो गुडघ्यांवर रांगत शोधत राहिला. बोंग-शिमनंच तो उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. तो मान खाली घालूनच बाहेर गेला. थोड्या वेळानं बाहेरून ताटल्यांचा आवाज आला, आणि त्यात योम दल-सूचा खोकलाही होता.

खोलीत ती आणि साहेब उरले. बांध कुणी घातला हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे बाहेर खात होते. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी नव्हतं, आणि या कागदावर निकाल कसा लागेल हे साहेबांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिनं सुरुवात केली. लावून ठेवलेला क्रम मोडला, मधलं आधी आलं, पण ती थांबली नाही. साहेब लिहीत गेले. शेवटी त्यांनी अंगठ्यासाठी कागद तिच्यापुढं सरकवला.

"आधी वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बांधाचे दगड सांगायचे राहिले," ती म्हणाली. "कुणी वाहिले, ते लिहा."