बर्फाच्या कारखान्यातली बिल्ल्यांची फळी

मित्रांनो, काम झालं की त्याचा बिल्ला खणात टाकून मोकळा होणारा माणूस मला कधी पटला नाही. मार्तंड नेमका तसाच होता. मी एक जुनी सागवानी फळी आहे, नागपूरच्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑफिसच्या भिंतीवर टांगलेली. आज माझ्या खिळ्यांना गंज चढलाय, पण जीभ शाबूत आहे. ती मला मालकिणीची, प्रयागबाईंची लागली.

नवरा गेल्यावर बाईंनी कारखाना हाती घेतला. शाळा दुसरीतच सुटलेली. सरकारी नियम मात्र ढीगभर, आणि एकदा पाळला की सुटका झाली असा त्यांत एकही नाही. म्हणून त्यांनी मला रंधा मारून घेतलं, बारा महिन्यांचे बारा खिळे ठोकले आणि तुपाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले. पाण्याच्या तपासणीचा थेंबासारखा, परवान्याचा चौकोनी आणि गॅसच्या मास्कचा गोल, दोन डोळे पाडलेला. बर्फ गोठवणाऱ्या यंत्रात अमोनिया असतो. तो गळला तर मास्कशिवाय माणूस गुदमरतो.

रीत साधी होती. काम झालं की हात पुसायच्या आधी बिल्ला पुढे न्यायचा, पुढची पाळी ज्या महिन्यात त्या खिळ्यावर. मास्कचा पुढच्याच खिळ्यावर, पाण्याचा तिसऱ्यावर. परवान्याची मुदत डिसेंबरात संपे, तर बाई त्याचा बिल्ला नोव्हेंबरच्या खिळ्यावर टांगत. म्हणत, "हापिसातले लोक काही आपल्या घाईनं उठत नाहीत." पाहणीला आलेले साहेब मला बघून मान डोलवत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

मग एका हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी बाई कळमेश्वरला गेल्या आणि पुतण्या मार्तंड खुर्चीत बसला. बी.कॉम. झालेला, कामाला वाघ. त्यानं एकेक तपासणी झपाट्यानं उरकली आणि उरकलेला बिल्ला खणात टाकला. मी उघडी पडत गेले, आणि माझ्याकडे बघून तो खूश व्हायचा.

बाई परतल्या तेव्हा एप्रिल तापला होता. दारात बर्फासाठी हातगाड्यांची रांग. बाईंनी पाणीही न पिता माझ्याकडे पाहिलं.

"मास्कचा बिल्ला कुठी गेला गा?"

"काकू, मास्क जानेवारीत तपासला. झालं ते काम."

"अन् देवाजीनं जानेवारीतच श्वास घेऊन ठेवला काय?"

देवाजी म्हणजे यंत्र चालवणारा. तो तेवढ्यात पाना घेऊन दारात आला. "बाई, व्हॉल्व्ह जरासा गळून राहिला. मास्क घेतो अन् कसून येतो." त्यानं खुंटीकडे हात केला.

"थांब गा," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्क काढून त्याचं रबर दोन बोटांत दाबलं. ते वाळल्या सालीसारखं चिरलं.

बाईंनी यंत्र बंद करायला सांगितलं तेव्हा मार्तंड पुढे झाला. "काकू, सीझन आहे. गाड्या रिकाम्या जातील."

"जाऊ दे. गाड्या उद्या पुन्हा येतील. देवाजी येईल काय?"

मार्तंडनं सायकल काढली. सदर बाजारातली दुकानं पालथी घालून, दिवेलागणीला तो नवा मास्क घेऊन आला. स्वतः तोंडाला लावून त्यानं आधी तपासला, मग देवाजीला दिला. देवाजी व्हॉल्व्ह कसून धडधाकट परत आला आणि आल्याआल्या चहा मागितला.

मग मार्तंड खण घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "काकू, हा कोणत्या खिळ्यावर?" त्याच्या तोंडून आलेला तो पहिला प्रश्न. माझ्या अंगावर पुन्हा वजन आलं, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी कामं असतील. सायकलचा ब्रेक असेल, विहिरीचा दोर असेल. आज बघितलात तर पुढं कधी बघायचं तेही आजच ठरवा, आणि येता-जाता दिसेल असं टांगून ठेवा. फळी नसली तरी चालेल, भिंत आहेच.

शेवटचा बिल्ला चढला तशी बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू आळशी नाहीस गा, मार्तंडा. तुले मोकळं व्हायची लई घाई आहे. कारखानदाराले मोकळं होता येत नाही. उद्यापासून फळी तुह्याकडं. अन् मी काही कळमेश्वरले परत जाऊन नाही राहिली, इथंच बसून पाहीन."