मुराळ्याची मोटार

आखाजीला पाच दिवस उरले असताना माझा मेहुणा चिंधा रिकामी बैलगाडी घेऊन परत आला. लग्नानंतरची आमच्या सुगंधाची ती पहिली आखाजी. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते. तिला आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. मुराळी रिकाम्या हाताने परतला की गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहतात. तशा त्या राहिल्या.

"पोर कुठंय?" माझ्या बायकोने, झुंबरबाईने, विचारलं.

चिंधाने बैल सोडले, पाणी प्याला आणि मगच बोलला. "हिलाल पाटील ओट्यावर बसेल होता. चार लोक होते. मला म्हणे, 'व्याहीनी मांडवमा सांगेल व्हतं, पोरले मोटारमा लई जासू. मंग मोटार कोठे शे? मोटार लई या, पोर लई जा.' बैलगाडीत सून बसवणार नाही म्हणे."

पोरीला मोटारीतून आणीन, असं मी मांडवात पाटलांना, सुगंधाच्या सासऱ्यांना, म्हणालो होतो, हे खरं. मी धरणगावला जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीत, फिटर. जिनाच्या शेठजींची जुनी मोटार वर्षभर कापसाच्या वखारीत पडून होती आणि मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ती मी घेतली, बैलांनी ओढून घरी आणली आणि दोन वर्षं दर रविवारी अंगणात तिचा एकेक अवयव उघडून साफ केला. अशा माणसाच्या तोंडून मांडवात एखादं वाक्य जास्तीचं जातं.

पण चिंधा गेला त्या दिवशी मोटार बंद होती, आणि ती बंद पडली होती चिंधामुळेच.

बैलगाडीच्या खाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यात वंगण असतं, म्हणजे एरंडेल तेल आणि जळालेल्या पेंढ्याची राख. कणा कुरकुरला की गाडीवान त्यातलं बोटभर वंगण कण्याला लावतो. फाल्गुनात मी कामावर असताना चिंधाने मोटारीतलं तेल पाहिलं, त्याला ते कमी वाटलं, आणि त्याने मायेने ते अख्खं नळकांडं इंजिनात रिकामं केलं. बैलगाडीचं चाक दिवसभरात जेवढं फिरतं तेवढं इंजिन चार मिनिटांत फिरतं. राख मिसळलेल्या तेलाने आतलं बेअरिंग कानशीने घासावं तसं घासलं गेलं. दुसऱ्या दिवशी मोटार सुरू केली तर पोटातून ठोके. घणासारखे. जिनाचा हंगाम चालू होता, तेव्हापासून ती उघडायला सवड मिळाली नव्हती.

"मी जाऊन हात जोडतो," मी म्हणालो. "पाटील काही वाईट माणूस नाही."

झुंबरबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "यंदा जोडा. मग दिवाळीला जोडा. मग पहिल्या बाळंतपणाला जोडा. एकदा जोडलेले हात सुटत नाहीत."

"मग काय करू?"

"मोटार म्हणाले ना ते? मोटार न्या."

"चार दिवसांत?"

"पाच आहेत," ती म्हणाली.

त्याच दुपारी आम्ही इंजिनाचं पोट उघडलं. बेअरिंगात पांढऱ्या मऊ धातूचा थर असतो. आत फिरणारा दांडा पोलादाचा आणि त्याची ही गादी मऊ, म्हणजे झिजायचं तर गादीने झिजावं, दांड्याने नाही. ती गादी पुरती फाटली होती. जिनाच्या यंत्रांना अशा गाद्या मी शेकडो ओतल्या होत्या, आणि बाद बेअरिंगांचा धातू माझ्याकडे साठवलेला होता. अंगणात शेगडी पेटवली, लोखंडी पळीत तो वितळवला.

धातू किती तापला हे कसं ओळखायचं? एक वाळकी पऱ्हाटी घ्यायची, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती काडी. ती धातूत बुडवायची. काडी तपकिरी झाली तर धातू तयार. पेटली तर फार तापला. काहीच झालं नाही तर अजून कच्चा. काडी तपकिरी झाली, मी पळी उचलली, ओतलंही. चैत्राअखेरचं ऊन आणि खाली शेगडी. पळीच्या तळाशी थोडा धातू उरला होता, त्यात माझ्या कपाळावरचा घामाचा थेंब पडला. वितळल्या धातूत पाणी पडलं की ते फुटतं. हे मी जिनातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो आहे.

धातू उडाला आणि उजवा हात भाजला. गादी मात्र चांगली ओतली गेली होती.

आता काम उरलं घासण्याचं, आणि ते एका हाताने होत नाही. "हे कसं करतात?" झुंबरबाईने विचारलं. मी सांगितलं. दांड्याला काजळाचा पातळ हात द्यायचा. वर बेअरिंग बसवायचं, दांडा एकदा फिरवायचा, पुन्हा उघडायचं. गादीवर जिथे काळं उमटलं तो भाग उंच आहे. तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा बसवणं, पुन्हा उघडणं. सगळीकडे सारखं काळं उमटेपर्यंत.

ती आत गेली आणि देवघरातली काजळाची डबी घेऊन आली. "हे चालेल?"

"यापेक्षा चांगलं मिळणार नाही."

पहिल्या वेळी तिने जास्त खरवडलं आणि माझ्याकडे पाहिलं. शिकणाऱ्याला आपली चूक दिसलेली असते तेव्हा शिकवणाऱ्याने गप्प बसावं. दुसऱ्या वेळी तिचा हात हलका झाला. चिंधा पान्याने नट फिरवून बेअरिंग बसवी आणि उघडी, ती खरवडी.

"अक्का, झालं की आता," चौथ्यांदा बसवून झाल्यावर चिंधा म्हणाला.

"तू वंगण ओतलंस तेव्हा इतकी घाई केली असतीस तर निम्मं बाहेर सांडलं असतं. उघड."

दोन दिवसांत सतरा वेळा उघडलं. अठराव्या वेळी गादीवर एकसारखा काळा पदर आला. चौथ्या दिवशी सकाळी चिंधाने हँडल मारलं, आणि मोटार बोलली. ठोका नव्हता. झुंबरबाई बॉनेटला कान लावून बराच वेळ उभी होती.

हँडल म्हणजे मोटारीच्या नाकात घालून इंजिन हाताने फिरवायचा वाकडा लोखंडी दांडा; त्याबद्दल इथे सांगून ठेवतो. रविवारी अंगणात गल्लीतली पोरं जमत, तेव्हा मी सगळ्यांना, सुगंधालाही, आधी हाच धडा देई. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि गुंडाळलेला अंगठा त्यात सापडतो. म्हणून हँडल मारण्याआधी स्टिअरिंगच्या चाकाजवळची ठिणगीची कांडी वर करायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कांडी आणि अंगठा, दोन्ही. पोरं ते गाण्यासारखं म्हणत.

आम्ही दोघे निघालो. मी डाव्या हाताच्या जोरावर चाक सांभाळत होतो, चिंधा हँडल मारायला. एरंडोलच्या अलीकडे पाणी उकळून मोटार थांबली. विहिरीवरून पाणी आणलं, इंजिन निवू दिलं, मग चिंधा हँडलला लागला. कांडी वर करायची मी विसरलो, आणि अंगठा तो विसरला. हँडलने उलटा फटका मारला. तो मटकन खाली बसला.

"दाजी," तो म्हणाला, "वंगणाचं फिटलं का आता?"

कांडी वर केली. त्याने दात आवळून डाव्या हाताने सहा वेळा प्रयत्न केला तेव्हा कुठे मोटार सुरू झाली. पाटलांच्या दारात पोचेपर्यंत त्याचा अंगठा वांग्याएवढा झाला होता आणि डाव्या खांद्यात उसण भरली होती.

गाव गोळा झालं. हिलाल पाटील ओट्यावरून उतरले. चेहरा पडला होता, पण आवाज नाही. "या, व्याही. आधी ही बंद करा. माझे बैल बुजतात."

दुसऱ्याच्या दारात आहोत, म्हणून मी बंद केली.

चहा झाला. पाटलांनी माझ्या हाताची पट्टी पाहिली, चिंधाचा अंगठा पाहिला आणि हळूहळू त्यांच्या मिशीत हसू आलं. "आली खरी मोटार. आता चालू कोण करणार? तुमचा हात असा, मुराळ्याचा तसा. काळजी करू नका, माझी बैलजोडी देतो. धरणगावपर्यंत ओढून नेतील. पोरगी आतच बसेल, मोटारीतच."

लोक हसले. गावातला एक तरणा हँडल मारायला पुढे झाला, त्याला पाटलांनी नजरेनेच मागे सारलं. माझ्या कानात झुंबरबाईचं जोडलेल्या हातांचं वाक्य होतं. मी पट्टी सोडायला लागलो.

"नाना, राहू द्या."

सुगंधा दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात बोचकं. सासूने मागून तिचा पदर धरला होता. "बाई, बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं," सासू दबक्या आवाजात म्हणाली. सगळं गाव पाहत होतंच.

"देखू द्या," सुगंधा म्हणाली, आणि पदर सोडवून घेऊन कमरेला खोचला. पायऱ्या उतरून ती सासऱ्यासमोरून सरळ मोटारीपुढे गेली, वाकली, आणि तिथूनच विचारलं, "नाना, कांडी वर केली का?"

मी केली नव्हती. या वेळीही विसरलो होतो. मी कांडी वर केली.

तिने हँडल धरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, अंगठ्याकडे पाहत होतो. तो चार बोटांच्या बाजूला होता. पहिल्या झटक्याला इंजिन नुसतं खोकलं. कुणीतरी हसलं. तिने पाय थोडा मागे घेतला, श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा खेचलं.

पाटलांचे बैल खरोखरच बुजले. एकाने दावं तोडलं आणि दोन गडी त्याच्यामागे धावले.

त्या आवाजात पाटील ओरडून म्हणाले, "व्याही, सून दिली की फिटर दिला?"

"मांडवात विचारलं नव्हतं तुम्ही," मी म्हणालो.

चिंधा मागे बसला, सुगंधा माझ्या शेजारी. पदर पुन्हा डोक्यावर घेतला होता, हाताला काळं लागलं होतं तेवढं तसंच. मी मोटार हलवणार तोच तिने माझ्या दंडावर हात ठेवून थांबवलं आणि बाहेर वाकून सासऱ्यांना म्हणाली, "आबा, आठ दिवसांनी मी परत येईन. मोटारीनं येवो नाहीतर बैलगाडीनं, ते मी ठरवीन."

पाटलांनी तुटलेलं दावं हातात गुंडाळलं आणि आम्हाला वाट देण्यासाठी बाजूला झाले.

वेशीबाहेर आल्यावर तिने इंजिनाला कान दिला. मग म्हणाली, "नाना, मामाने सांगितलेला ठोका गेला. गादी कोणी घासली?"

"तुझ्या आईने. काजळाची डबी संपवली सगळी."

"मग आखाजीला आम्ही काय घालायचं डोळ्यांत?" ती म्हणाली, आणि मागे बसलेला चिंधा इतका हसला की अंगठा धरून कळवळला.