हजेरीच्या टिकल्या

मंजुषाला धाकट्या जावेचा राग यायला मोठं कारण लागायचं नाही. सुलेखानं भाकरी पातळ थापली तरी राग, जाड थापली तरी राग. पण त्या सकाळी वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तिनं मोबाइल उघडला आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अंगणवाडीतल्या आयांच्या ग्रुपवर पारूताईंनी हजेरीच्या तक्त्याचा फोटो टाकला होता. पारूताई तिथल्या सेविका. रजिस्टर सरकारचं, तक्ता पोरांचा, असं त्यांचं म्हणणं. मूल आलं की त्याच्या नावापुढच्या चौकोनात घरून आणलेली टिकली लावायची. मंजुषाच्या लेकीच्या, अपेक्षाच्या ओळीत आजवरचा एकही चौकोन रिकामा नव्हता. सगळीकडं बारीक मरून रंगाच्या टिकल्या. खाली लिहिलेलं, 'अपेक्षाचा एकही खाडा नाही. शाब्बास सुलेखाताई!' आणि त्याखाली अकरा बायकांच्या टाळ्या.

शाब्बास म्हणे! पोरगी कुणाची? नऊ महिने पोटात कुणी वागवली? ही बया दहा वाजता आरामात पोरीला सोडते, आपली टिकली लावून येते, आणि मी इथं गोळ्यांची पाकिटं मोजत मरतेय!

टिकल्या कुणाच्या ते मंजुषाला फोटोवरूनच कळलं होतं. सासू, मनकर्णाबाई, शहागंजातून एकच मोठं पाकीट आणायच्या आणि भांडण नको म्हणून दोन्ही सुनांना अर्धं अर्धं वाटायच्या. मंजुषाच्या औषधाच्या कंपनीत टिकली, बांगडी काही चालत नसे. ती पहाटे आंघोळ करून टिकली लावायची, देवाला हात जोडायची आणि निघताना काढून आरशाला चिकटवायची. संध्याकाळी ती जागेवर नसायची. पंख्याच्या वाऱ्यानं पडली असेल म्हणून ती दुसऱ्या दिवशी नवी घ्यायची.

त्या संध्याकाळी मंजुषा पोरीला पाटी घेऊन बसली.

"काढ अ."

"काकू आधी मटकी आन् हरभरे देती निवडायला," अपेक्षा म्हणाली. साडेचार वर्षांचं बेणं, पण बोलायला पटाईत. "मग मोजायचे. मग पाटी."

"काकूचं कवतिक मला नको सांगू!"

पाटी आपटली. पोरगी दचकून चुलतीकडं पळाली. सुलेखा चुलीपुढून हळूच म्हणाली, "पारूताईंनीच तसं सांगितलंय, अक्का. घरातलंच काहीतरी घेऊन शिकवा म्हनल्या."

"व्हय, तुला बरा येळ हाय. तुला कुठं लेकरं हायेत?"

सुलेखाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. बोलून गेल्यावर मंजुषाला जरा चुटपुट लागली, पण माघार घेईल तर ती मंजुषा कसली!

दोन दिवसांनी अंगणवाडीत मेळावा होता. मोठ्या मॅडम येणार, पोरं काय शिकली ते बघणार. मंजुषानं रजा टाकली. बस-स्टॉपजवळच्या दुकानातून टिकल्यांचं नवं पाकीट घेतलं. मोठ्या, लाल, सोनेरी काठाच्या. एकदा बघू दे सगळ्यांना, आई कोण आहे ते.

मेळाव्याच्या दिवशी कामावर जायचं नव्हतं, म्हणून तिची मरून टिकली कपाळावरच राहिली. अपेक्षा उठून आरशापुढं गेली आणि तिनं भोकाड पसरलं. "मी नाय जायची! मला नाय जायचं!"

"अक्का, तिला ती..." सुलेखा काही सांगू लागली.

"माझ्या पोरीचं मला कळतं!" मंजुषानं तिला तोडलं. काकूऐवजी आई नेणार म्हणून कार्टी रडते, हे तिच्या मनानं घेतलं होतं. "तूच आन तिला. मी पुढं जाते रांगोळीला."

रांगोळी कसली! पारूताई पाणी भरायला गेल्या तशी तिनं नखानं अपेक्षाच्या ओळीतली एकेक मरून टिकली खरवडली आणि मागच्या गटारात टाकली. तिथं आपल्या लाल टिकल्या लावल्या. महिन्याच्या शेवटच्या, आजच्या चौकोनातसुद्धा. मग लांबून ओळ बघितली. काळजात कसं गार वाटलं.

मॅडम आल्या. प्रत्येक मुलानं तक्त्यावरची आपली ओळ दाखवायची होती. पोरं धावत जाऊन बोट ठेवत होती. अपेक्षा मात्र तक्त्यापुढं थांबली. वरून खाली बघितलं, परत खालून वर बघितलं.

"माझी आई कुठं गेली?"

"अगं, मी हितंच हाय की!" मागून मंजुषा म्हणाली.

अपेक्षानं वळूनही पाहिलं नाही. "ती नाय. माझी तक्त्यावरची आई."

सुलेखा तक्त्याकडं बघतच राहिली. मग मंजुषाच्या कानाशी येऊन म्हणाली, "सुरुवातीला लई रडायची ही. आई पायजे म्हणून दारातनं माघारी फिरायची. मग मी आरशावरची तुमची टिकली हिच्या बोटावर दिली. म्हनलं, चल, आईला संगं नेऊ. तवापासनं एक दिस चुकली नाय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय."

मंजुषाच्या नखांत अजून त्या टिकल्यांचा चिकटा होता. तिनं मूठ आवळून हात पदरामागं घेतला.

अपेक्षानं आता वळून आईकडं पाहिलं. डोळे पुसले आणि तिच्या कपाळाकडं बोट केलं.

"ती दे."

मंजुषा खाली बसली. पोरीनं टिकली स्वतःच काढून घेतली.

"हितं तुझं नाव हाय बघ," सुलेखानं ओळ दाखवली. अपेक्षानं चौकोन शोधला, पण रिकामा एकही नव्हता. तिनं शेवटची लाल टिकली ओढून खाली टाकली, तिथं मरून टिकली दाबून लावली आणि मॅडमना म्हणाली, "ही माझी. आई आली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखानं वाकून जमिनीवरची लाल टिकली उचलली, उलटून पाहिली आणि जावेपुढं धरली.

"अक्का, ही तुमची का?"