एझेलच्या नावाची पाटी

पाटीचा दुसरा खांब हलत होता. विल्बर्न स्ट्रिकलंडने तो पुन्हा एकदा हलवून पाहिला, नाक मुरडलं आणि कोट काढून पिकअपच्या सीटवर टाकला. रस्तेवाल्यांनी खड्डा खणून खांब उभा केला होता, वर भुसभुशीत माती लोटली होती आणि ते जेवायला निघून गेले होते. कार्यक्रमाला अजून अर्धा तास होता. विल्बर्नने पहार आणली आणि खांबाभोवती फिरत माती ठोकायला सुरुवात केली. थोडी माती, दहा ठोके. पुन्हा थोडी माती. अकरा वर्षं आमदारकी करूनही हात शेतकऱ्याचेच राहिले होते आणि सैल खांब त्याला बघवत नसे.

वर पाटीला कापड गुंडाळलेलं होतं. कापडाखाली अक्षरं होती : 'एझेल फेल्डर स्मृती पूल'. ठराव विल्बर्ननेच मांडला होता. अशा ठरावाला सभागृहात कुणी हात आखडता घेत नाही, कारण द्यायचं काहीच नसतं. एकशे तीन विरुद्ध शून्य.

एझेलची चाळीस एकर जमीन विल्बर्नच्या भुईमुगाच्या रानाला लागून होती. काळ्यांचं चर्च ओढ्याच्या पलीकडे, गोऱ्यांचं अलीकडे. पण कुंपण दोघांचं एकच. दर हिवाळ्यात दोघं मिळून ते दुरुस्त करत. खांब कसा ठोकायचा, हे विल्बर्नला एझेलनेच शिकवलं होतं, तेव्हा विल्बर्न चौदाचा होता. पुढे तो पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा पलीकडच्या चर्चच्या अंगणात उकडलेल्या शेंगा खाता खाता त्याने शब्द दिला होता, की पुलाआधीच्या या वळणावर कठडा बसवीन. इथे रस्ता एकदम डावीकडे वळतो आणि उजवीकडे वीस फूट खाली ओढा आहे. त्या शब्दावर पलीकडची सगळी मतं त्याच्या पदरात पडली होती.

मग वर्षं गेली, कठडा काही झाला नाही. एकदा एझेलच त्याच्या ओसरीवर आला होता.

"एकोणीस खांब लागतील," तो म्हणाला होता. "सीडरच्या लाकडाचे आहेत माझ्याकडे पडलेले. तू नि मी, दोन दिवसांचं काम."

"सरकारी जागा आहे रे ती. आपल्याला हात लावता येत नाही. रीतसर होऊ दे."

"रीतसर," एझेल म्हणाला होता आणि त्याने टोपी घातली होती.

या वर्षी ते खरंच रीतसर होत आलं होतं. कठड्याची तरतूद अंदाजपत्रकात बसली होती. फेब्रुवारीत भुईमूग खरेदीचं केंद्र बंद पडायची वेळ आली, तेव्हा केंद्र वाचवायला विल्बर्नने ती तरतूद सोडून दिली. केंद्र वाचलं. त्यात एझेलचंही भलंच होतं. कठडा काय, पुढच्या वर्षी बघू. मार्चमध्ये एका सकाळी दाट धुकं पडलं आणि एझेलची पिकअप वळणावर सरळ गेली.

विल्बर्नने त्याच्या शवपेटीला खांदा दिला. बायकोने फेल्डरांकडे केक पाठवला. इकडे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. एझेलच्या बायकोने, नेटीने, ते घासूनपुसून, रिकामं परत पाठवलं. तेव्हापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आता दोन आठवड्यांवर निवडणूक होती आणि नेटी ज्याच्या शेजारी उभी राहील त्याला पलीकडची मतं, हे काउंटीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मतांपेक्षा ते भांडंच विल्बर्नला जास्त लागलं होतं.

मंडळी जमली. पाळकांनी प्रार्थना म्हटली. विल्बर्नने कोट चढवून भाषण केलं, चांगलंच केलं. नेटीने कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्राची मुलगी कॅमेरा घेऊन पुढे आली.

"मिस नेटी, तुम्ही इकडे, आमदारांच्या शेजारी उभ्या राहता?" इकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात.

"थांब गं जरा," नेटी म्हणाली. काठी टेकत ती पाटीपाशी गेली. तिने पहिला खांब धरून हलवला. मग दुसरा. दुसऱ्याला तिने दोन्ही हातांनी धक्का दिला. तो जागचा हलला नाही.

"हा कुणी ठोकला, आमदारसाहेब? सरकारी माणसं इतकं घट्ट नाही ठोकत."

अकरा वर्षांत तिने त्याला कधी आमदारसाहेब म्हटलं नव्हतं.

"मी ठोकला, मिस नेटी," विल्बर्न म्हणाला. "सैल होता."

"सरकारी जागेत?"

नेटीने त्याच्या बुटांवरची लाल माती पाहिली. मग खांबापासून पुलापर्यंतच्या उघड्या कडेवरून तिची नजर सावकाश फिरली.

"म्हणजे येतं की तुला, विल्बर्न," ती म्हणाली.

रागाने नाही, ओरडून नाही. सकाळी दूधवाल्याशी बोलावं तसं. फोटोसाठी ती उभी राहिली, पण पाटीच्या पलीकडच्या अंगाला, नातीचा हात धरून. मग सगळे जेवायला चर्चकडे गेले. चला म्हणून विल्बर्नला पाळकांनी आग्रह केला, तेव्हा येतो मागून, असं तो म्हणाला.

गाड्या पुलापलीकडे दिसेनाशा झाल्या. विल्बर्नने पुन्हा कोट काढला. ठोकलेल्या खांबाला पाठ लावून तो कडेने दोन पावलं चालला आणि टाचेने मातीत खूण केली. आणखी दोन पावलं, आणखी एक खूण. असं करत तो पुलाच्या तोंडाशी पोचला आणि वळून, खुणा मोजत परत आला.

सतरा भरल्या. पाटीचे दोन खांब धरले तर एकोणीस.

त्याने पहार पिकअपमध्ये टाकली आणि सीडरचे ते खांब अजून फेल्डरांच्या गोठ्यामागे पडले आहेत का, हे नेटीला विचारायला तो पलीकडच्या चर्चकडे निघाला.