लंगडण्याची शिकवणी

बुवाने डफावर थाप मारली की भाजीवाल्या बायका तराजू हातात धरून तशाच थांबायच्या. गळाच तसा होता. देताना देवाने हात आखडता घेतला नव्हता.

हा गळा त्याच्या वडिलांकडून आलेला. वडील देवाच्या दारात कथा गात आणि त्याचे पैसे घेत नसत. कुणी जेवू घातले तर जेवत, नाही तर तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा उभे राहत. ऐकणारी माणसे रडून हलकी होऊन घरी जात. वडील घरी येत तेव्हा मात्र चूल थंड असे. त्या थंड चुलीकडे बघत लहानपणीच बुवाने मनाशी गाठ मारली होती, की माझे पोर असे उपाशी निजणार नाही. बापाने मारावी अशीच ती गाठ होती. पण ती पाळताना त्याचा हात भलतीकडे गेला. वडील गेले, गळा राहिला, आणि त्या गळ्याला बुवाने तेल विकायला लावले.

तेल अगदी साधे. बायको घरी पातेल्यात उकळायची. कापूर, निलगिरी आणि चिमूटभर तिखट. लावले की जळजळायचे, आणि जळजळले की दुखणाऱ्याला वाटायचे, लागू पडतेय.

"विष तर विकत नाही ना?" बुवा म्हणायचा. "देवाचं नाव कानावर पडतं, वर मालिश होते. कुणाचं काय बिघडलं?"

पण नुसत्या नावावर बाटल्या खपेनात. लोक कथा ऐकत, डोळे पुसत, आणि खिशात हात न घालता निघून जात. तेव्हा बुवाला आपल्या लेकीची आठवण झाली. एकुलती एक पोर, पाय काडीसारखे लांब, म्हणून घरीदारी तिला सगळे टिटवीच म्हणत.

"अहो, लेकराला खोटं शिकवू नका," बायको म्हणाली.

"खोटं कसलं? खेळ आहे तो. पोरं घर-घर खेळतात, दुकान-दुकान खेळतात. ही लंगडं-लंगडं खेळेल."

"खेळ संपला की पोरं घरी येतात हो."

"मग हीही येईल की! चांगली चालत येईल!"

यावर तिला नको असताना हसू आले, आणि तिथेच तिचे म्हणणे संपले. पुढे त्या हसण्याची आठवण आली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

शिकवणी घरातच झाली, दारापासून खिडकीपर्यंत. "पाय टाकायचा नाही, ओढायचा. जमीन चावतेय असं समज," बुवा सांगायचा. टिटवी खिदळत पाय ओढायची. एरवी बाप दमून भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता तो तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या प्रत्येक पावलाकडे बघत होता. कुठल्या लेकीला हे नको असते?

मग आज या, उद्या त्या बाजारात तेच होऊ लागले. बुवा कथा रंगवायचा, देवाने पडलेल्याला कसे उचलले ते गायचा, आणि ऐन भरात डफ थांबवून हाक द्यायचा, "आहे का इथे कुणी दुखऱ्या पायाचं?" गर्दीतून काठी टेकत टिटवी पुढे यायची.

"कुणाची गं तू, बाळ?"

"आईबरोबर आलेय. आई तिकडे सामान घेतेय."

"मला ओळखतेस?"

"नाही काका."

बुवा गर्दीकडे वळून हात पसरायचा, जणू म्हणायचा, ऐकलंत ना? मग तेल चोळायचा, देवाचे नाव गायचा आणि ओरडायचा, "ऊठ!" टिटवी काठी टाकून चालायची, गोलाच्या कडेपर्यंत जाऊन परत यायची आणि हात जोडायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. बाटल्या जायच्या.

शेजारी चाकूसुऱ्यांना धार लावणारा बसायचा. त्याला सगळे धारवालाच म्हणत. तो चाक फिरवता फिरवता म्हणायचा, "बुवा, ही पोरगी मागच्या आठवड्यातच बरी झाली होती ना? दर आठवड्याला नव्याने बरं व्हायचं म्हणजे नशीब पाहिजे हो!"

"तू चाकाकडे बघ. बोट जाईल."

"माझं बोट गेलं तर तुझं तेल आहेच की!"

दोघे पोट धरून हसायचे. खोलीचे भाडे वेळेवर जाऊ लागले. टिटवीला नवी चप्पल आली, शाळेचे दप्तर आले, ताटात दोन वेळा गरम अन्न आले. बुवाने मारलेली गाठ शब्दाला शब्द पाळली गेली होती. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात एकदा घोळ झाला. "ऊठ" म्हटल्यावर टिटवी उठली, पण परत येताना तिने पाय ओढला. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसले. बुवाने कसेबसे निभावून नेले आणि एका हातगाडीमागे तिला धरले.

"बाटली विकायच्या आधी लंगडायचं, नंतर नाही. किती वेळा सांगायचं?"

"बाबा, दुखतंय."

"कुठे?"

"गुडघ्याच्या वर. आतून."

बुवा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "वा! उद्या असंच म्हण. 'गुडघ्याच्या वर, आतून.' अगदी खरं वाटतं!"

टिटवी थोडी गोंधळली. पण बाप खूश झाला म्हणून तीही खूश झाली.

त्यानंतर तिचे लंगडणे काही औरच झाले. पूर्वी ती पाय ओढायची. आता जपून टेकवायची, ओठ दाताखाली धरायची, आणि कपाळावर घाम यायचा. बायका रडायच्या, पुरुष मान फिरवायचे. पेटीतल्या बाटल्या दुपारीच संपू लागल्या. घरी येऊन बुवा बायकोला म्हणाला, "अगं, पोरगी हिरा आहे, हिरा! मी शिकवलं त्याच्याही पुढे गेली."

बायकोचे लक्ष जिन्याकडे होते. टिटवी मध्येच पायरीवर बसली होती.

"अहो, घरात का लंगडते ही?"

"अंगवळणी पडलंय. सुटेल."

आई जिना उतरून तिच्याजवळ बसली. "टिटवे, खरं सांग. पाय दुखतो का गं?"

पोरीने विचार केला. "आत्ता, की बाजारात?"

आईने पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघ्याच्या वर कातडी गरम लागत होती आणि आत हाडाला चिकटून काहीतरी टणक हाताला आले.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्यायचं हिला."

"उद्या मोठा बाजार आहे. परवा नेऊ," बुवा म्हणाला. "पडली असेल शाळेत. तोवर तेल लाव."

आणि तिने लावले. ज्या तेलात काही नाही हे साऱ्या जगात तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, ते तेल ती लेकीच्या पायाला चोळत बसली. तोंडाने देवाचे नाव चालू होते. माणूस एकदा का 'परवा' म्हणायला शिकला, की त्याचे देवाचे नाव घेणेही वेळ मारून नेण्यापुरतेच उरते.

मोठ्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवाचा गळा त्या दिवशी असा लागला, की वडील असते तर त्यांनीही मान डोलावली असती. टिटवी काठी टेकत आली. "कुणाची गं तू?" झाले. तेल झाले. "ऊठ!" झाले. पोरगी उठली, एक पाऊल टाकले आणि खाली कोसळली. ओरडलीसुद्धा नाही.

"तेल पातळ झालं वाटतं!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

धारवाल्याचे चाक थांबले. "बुवा, ही नक्कल नाही. उचल पोरीला."

समोर सगळा बाजार उभा होता. आणि बुवाच्या तोंडून निघाले, "हिची... हिची आई कुठे आहे बघा हो कुणीतरी."

"अरे, बाप आहेस ना तू तिचा!" धारवाला ओरडला आणि काळ्या हातांनी पोरीला उचलून गर्दीतून वाट काढू लागला. तेव्हा कुठे बुवा त्याच्यामागे धावला. डफ तिथेच राहिला. कुणीतरी बायकोकडे निरोप घेऊन पळाले.

दवाखान्यात गर्दी होती. बाकांवर जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते. पडद्याच्या आड टिटवीला खाटेवर ठेवले. धारवाला दाराशी उभा राहिला. बायको धापा टाकत आली. थोड्या वेळाने डॉक्टरीण बाई आल्या, वयस्क, डोळ्यांखाली दमणूक साचलेली.

"कधीपासून लंगडते?"

साधा प्रश्न. पण बुवाला त्याचे उत्तर देता येईना. दोन वर्षे म्हणावे तर खोटे, थोडेच दिवस म्हणावे तर तेही खोटे. कुठल्या दिवशी त्याने शिकवलेले संपले आणि दुखणे सुरू झाले, हे त्याला, खुद्द बापाला, ठाऊक नव्हते.

बाई पोरीकडे वळल्या. तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि हलक्या हाताने तिच्या गुडघ्याभोवती ठेवले. "इथे दुखतं का गं, बाळ?"

टिटवीने बापाकडे पाहिले. बुवाने काहीच खूण केली नाही. पण खुणेची गरजच नव्हती. गुडघ्यावर हात होता, भोवती माणसे होती. पुढे काय करायचे ते तिला पाठ होते. तिने तोंडभर हसून पाय खाली सोडले, ती खाटेवरून उतरली आणि चालू लागली. एक पाऊल, मग दुसरे. चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता, हनुवटीवरून घाम ठिबकत होता. भिंतीपर्यंत जाऊन ती वळली आणि तिने हात जोडले.

"आता नाही दुखत. देवाची कृपा."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अजिबात नाही?"

"नाही."

आईने तोंडात पदराचा बोळा कोंबला. बुवा गप्प राहिला असता, तर बाहेर रांग मोठी होती, एखादी गोळी लिहून मिळाली असती आणि तो पोरीला घेऊन घरी गेला असता. हा विचार त्याच्या मनाला शिवून गेला, हे त्याचे त्याला आणि देवाला माहीत.

"खोटं बोलतेय ती," बुवा म्हणाला. बाजारभर घुमणारा गळा, पण आवाज जेमतेम पडद्यापलीकडे पोचला. "दुखतंय तिला. मीच शिकवलंय तसं चालायला. तेल विकायला. आधी लंगडायचं, मग हात लावला की उठायचं. ती मला म्हणाली होती दुखतंय म्हणून. मी... मी वा म्हणालो तिला."

बाहेरच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "मी सहा बाटल्या नेल्या रे तुझ्या. बायकोसाठी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

बाईंनी टिटवीला उचलून पुन्हा खाटेवर ठेवले. "आता मी तुमच्यापैकी कुणाच्याच शब्दावर जात नाही," त्या म्हणाल्या. "आधी एक्स-रे काढू."

एक्स-रेने खोटे सांगितले नाही. हाडात गाठ होती आणि तिने हाड आतून पोखरले होते. आणखी तपासण्या झाल्या, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी झाली. तिथल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले, "पहिल्यांदा दुखलं तेव्हा आणली असती, तर पाय वाचवायचा प्रयत्न केला असता. आता जीव वाचतो का ते बघायचं. पाय काढावा लागेल."

"ती तेव्हाच म्हणाली होती," बायको एवढेच बोलली. नवऱ्याकडे तिने पाहिले नाही.

पोरीला शस्त्रक्रियेसाठी आत नेले तेव्हा बुवा बाहेर भिंतीशी बसला. त्याला वडिलांसारखे गावेसे वाटले. काही न मागता, नुसते नाव घ्यावे. त्याने डोळे मिटले आणि हळूच सूर लावला. पहिली ओळ झाली, आणि त्याचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला, जिथे बाटल्यांची पिशवी लटकत असे. त्याने हात मागे घेतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात तिकडेच गेला. देव रुसला होता असे नाही. एवढ्यातेवढ्यावर रुसेल तर तो देव कसला? पण बुवाने त्या नावाला ज्या कामाला लावले होते, ते काम त्याच्या हाडामांसात जाऊन बसले होते. तो गप्प झाला. बायको पलीकडे बसून ओठांतल्या ओठांत नाव घेत होती. तिलाही ते जड जात असावे, पण ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी टिटवी नीट शुद्धीवर आली. चादर एका बाजूला उंच होती आणि दुसऱ्या बाजूला सपाट. ती बराच वेळ त्या सपाट जागेकडे बघत राहिली. मग हाताने चाचपून पाहिले. मग तिने मान वळवली. उशाशी आई होती, पायथ्याशी बाप.

"बाबा."

"बोल, माझ्या राजा."

"रडू का?"

बुवाचे तोंड वेडेवाकडे झाले. "रड गं. रड, बाळा. खूप रड."

"मोठ्याने, की थोडं?"

बुवाने खाटेची कड घट्ट धरली. आई पुढे झाली आणि तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"तुला येईल तसं रड, बाळ. तुझं तुला येईल तसं."

टिटवी विचारात पडली. तिने ओठ थोडे वाकडे करून पाहिले, पुन्हा सरळ केले.

"मला कसं येतं?" तिने विचारले, आणि आळीपाळीने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत ती वाट पाहत राहिली.