डॉक्टर प्योंना पडलेले चौऱ्याण्णव

देशभरातल्या दवाखान्यांनी कुठली औषधं किती लिहून दिली, याचं सरकारी पत्रक दरवर्षी निघतं. पूर्वी ते जाड पाकिटातून यायचं, आता संगणकावर येतं. बाकीचे औषधवाले ते उघडूनही बघत नाहीत. मी मात्र चष्मा पुसून एक रेघ हटकून शोधते. साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लिहून देण्याचं प्रमाण दाखवणारी ती रेघ गेली कितीतरी वर्षं खाली उतरतेय. ती बघितली की मला डॉक्टर प्यो आठवतात आणि मग दुपारभर माझं कामात लक्ष लागत नाही.

आमचं सोल्मे म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. इथल्या बायका ओहोटीला फळीवर एक गुडघा टेकून चिखलात घसरत जातात आणि शिंपले काढून आणतात. मी औषधांचं दुकान टाकलं ते सत्त्याऐंशी साली. वरच्या मजल्यावर डॉक्टर प्यो सोंगहा यांचा दवाखाना आधीपासूनच होता. म्हणजे एकाच जिन्याच्या वर-खाली दोन दुकानं, कारण तेव्हा डॉक्टर आपल्याच खिडकीतून औषध द्यायचे आणि आम्ही औषधवालेसुद्धा चिठ्ठीबिठ्ठी न बघता दुखणं ऐकून पुड्या बांधायचो. ज्यांना जिना चढायचा कंटाळा, ती माझी गिऱ्हाइकं. जिन्यात समोरासमोर आलो तर डॉक्टर मान किंचित लववायचे, मीही लववायचे. तेरा वर्षांत याहून जास्त बोलणं झालं नाही.

माझं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे गू बुन्र्ये. तेव्हा पन्नाशीची, चिखलात पहिली उतरणारी आणि शेवटी वर येणारी.

"पोरी, दोन दिवसांचं कडक औषध बांध," ती दारातूनच ओरडायची. "मिळमिळीत नको. उद्या ओहोटी मोठी आहे. मी अंथरुणात पडले तर शिंपले काय तुझा बाप काढणार?"

"ताप आहे का?"

"ताप मोजायला वेळ कुणाला आहे? ती लाल-पिवळी घाल दोन, म्हणजे झालं."

मी लाल-पिवळी घालायचे. ती अँटिबायोटिकची कॅप्सूल. साध्या सर्दीवर तिचा काडीचा उपयोग नाही, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात कायदा बदलला. डॉक्टरांनी फक्त लिहायचं, औषध फक्त आम्ही द्यायचं. देशभर संप झाले, मोर्चे निघाले. सोल्मेत एवढंच झालं, की डॉक्टरांची खिडकी बंद झाली आणि त्यांचा कागद घेऊन माणसं जिना उतरून माझ्याकडे येऊ लागली. तेरा वर्षं मान लववणारे आम्ही दोघं एका जुवाला जुंपलो गेलो. बाजाराच्या दिवशी, म्हणजे तारखेच्या शेवटी दोन किंवा सात असेल तेव्हा, कागदांचा नुसता पाऊस पडायचा. सर्दीचा प्रत्येक कागद एकसारखा: तापाची गोळी, खोकल्याची, नाकाची, पोट सांभाळणारी, आणि लाल-पिवळी. मी न वाचताही पुड्या भरू शकले असते.

हे ठीक नाही, असं मला कधी वाटलं नाही का? वाटलं. शंका आली तर डॉक्टरांना विचारण्याचा हक्क कायद्यानेच मला दिला होता. मी विचारलं नाही. वरच्या माणसाला खालच्याने काय विचारायचं, अशी माझी समजूत, आणि खरं सांगायचं तर भीडही.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत सरकारने प्रत्येक दवाखान्याचा आकडा नावानिशी जाहीर केला. सर्दीच्या शंभर रोग्यांपैकी किती जणांना अँटिबायोटिक दिलं, त्याचा. देशातल्या दवाखान्यांची सरासरी साठीच्या आसपास होती. डॉक्टर प्योंचा आकडा चौऱ्याण्णव.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात ती यादी छापून आली आणि त्या पानात गुंडाळून कुणीतरी बाजारात मासे आणले. सकाळी नऊला बुन्र्ये ते ओलं पान हातात घेऊन माझ्या दुकानात. मागे चार बायका.

"बघ, बघ! आपल्या डॉक्टरांना शंभरात चौऱ्याण्णव! माझ्या नातवाला गणितात चाळीस पडतात. आणि त्या तालुक्याच्या गावातल्या नव्या पोरट्या डॉक्टरला किती? एकतीस! नापास!"

मी समजवायला तोंड उघडेपर्यंत त्या जिना चढून गेल्यासुद्धा. मी मागे धावले. दवाखाना माणसांनी भरलेला होता. बुन्र्येने सगळ्यांसमोर कंबरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अभिनंदन, डॉक्टरसाहेब! गावाचं नाव काढलंत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर खुर्चीत बसले होते, हातातलं पेन तसंच. त्यांचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता. ते उठले, बुन्र्येला तितकंच वाकून म्हणाले, "आभारी आहे," आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते खाली आले. दुकानात पहिल्यांदाच. मी डबा उघडला होता, मोहरीच्या पानांच्या आंबवलेल्या किमचीचा वास सुटला होता. मी झाकण लावायला लागले तर म्हणाले, "जेवा, जेवा. मला फक्त माझे कागद बघायचेत. तुम्ही जपून ठेवता ना?"

तीन वर्षांचे गठ्ठे मागच्या कपाटात होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि एक-एक कागद उलटायला सुरुवात केली. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "हे सगळं माझंच अक्षर आहे. पण लिहिल्याचं एकही आठवत नाही."

मी पुढचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मग विचारलं का नाहीत?"

मी डबा बाजूला सारला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कायदा यायच्या आधी मी स्वतःच तेरा वर्षं लाल-पिवळ्या वाटल्यात. मुठीमुठीने. माझा आकडा कुणी मांडला नाही, म्हणून छापून आला नाही. आला असता तर तुमच्यापेक्षा वर असता. कुठल्या तोंडाने विचारू?"

ते पहिल्यांदाच हसले. "म्हणजे अख्खं सोल्मे आपण दोघांनी मिळून लाल-पिवळीवर पोसलंय," म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं म्हणे. एकोणसत्तर साली नवीन नवीन डॉक्टर असताना त्यांना एका बेटावर पाठवलं होतं. चार वर्षांच्या एका मुलीला खोकला झाला. त्यांनी तपासून सांगितलं, साधी सर्दी आहे, गरम पाणी द्या. तेव्हा औषधं मोजकी होती, जपून वापरायची असत. दोन दिवसांनी वादळ आलं, होड्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी घोंगडीत गुंडाळून बाप तिला घेऊन आला तेव्हा उशीर झाला होता.

"तेव्हापासून हात थांबत नाही," ते म्हणाले. "समोर खोकला ऐकला की पेन आपोआप चालतं."

"मग आता?"

"आता थांबवून बघू. तुम्ही खालून लक्ष ठेवा. कागदावर विनाकारण लाल-पिवळी दिसली की फोन करायचा. भीड ठेवायची नाही."

दुसऱ्या आठवड्यात पुड्या हलक्या झाल्या आणि गावात बोंब उठली.

मी समजत होते की लोक डॉक्टरांवर चिडतील. पण डॉक्टर तर चौऱ्याण्णववाले! संशय आला माझ्यावर. बुन्र्येने पुडी उजेडात धरली, हलवली, फाडली, गोळ्या काउंटरवर ओतल्या.

"लाल-पिवळी कुठाय?"

"डॉक्टरांनी लिहिली नाही, ताई."

"लिहिली नाही कशी? वीस वर्षं लिहितायत. तूच काढून घेतेस. विकतेस कुठेतरी. पोरी, तुला मी हाताने शिंपले आणून दिलेत गं!"

आठ दिवसांत हे सगळ्या गावात पसरलं. बायका पुड्या माझ्यासमोर मोजायला लागल्या. एकीने तर नवऱ्याला साक्षीदार म्हणून आणलं. मी घरी जाऊन रडले, पण वर जाऊन सांगितलं नाही. सांगितलं ते दवाखान्यातल्या नर्सबाईंनी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, डॉक्टर प्यो पांढरा कोट घालून बाजारात उतरले. शिंपल्यांच्या टोपल्यांपाशी एक उलटी पेटी होती, तिच्यावर उभे राहिले. मी दारातून बघत होते. तो अबोल माणूस भर बाजारात बोलायला लागला.

"औषधवाल्या ताईंनी काही चोरलं नाही," ते म्हणाले. "लाल-पिवळी मी बंद केली. सर्दीला ती लागत नाही. ते चौऱ्याण्णव म्हणजे मार्क नव्हेत. चौऱ्याण्णव वेळा मी चुकलो."

मग बुन्र्ये म्हणाली, "म्हणजे आम्ही वीस वर्षं बरे झालो ते कशाने?"

"तुमच्या अंगच्या ताकदीने."

"अय्या! मग तुमची फी कशाची हो?"

लोक खो खो हसले. डॉक्टरही हसले, पण पेटीवरून उतरताना त्यांनी माझ्या दिशेने मान लववली. या वेळी किंचित नाही, पूर्ण.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. निम्मे रोगी बस पकडून तालुक्याला जाऊ लागले. गंमत अशी की तिथला एकतीसवालाही लाल-पिवळी देत नव्हता, तेव्हा ते आणखी पुढे जिल्ह्याला गेले. दवाखान्यातल्या बाकावर माणसं कमी दिसू लागली. डॉक्टरांनी मात्र एक नेम धरला. ज्याला कॅप्सूल दिली नाही, त्याचं नाव ते एका चिठोऱ्यावर लिहायचे आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पायी त्याच्या घरी जायचे. अंगणात उभं राहून नुसतं ऐकायचे. खोकला कसा येतो, श्वास कसा चालतो. कुणी आत बोलावलं तर बसायचे, अंगणातली चार नारिंगी पर्सिमन फळं खायचे. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी गाव आतून पहिल्यांदाच पाहिलं.

त्या हिवाळ्यात बुन्र्ये आजारी पडली. ती रागाने दवाखान्यात येतच नव्हती, पण सून येऊन कागद घेऊन गेली होती, म्हणून नाव चिठोऱ्यावर चढलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर गेले. ती पांघरुणातून ओरडली, "काय बघायला आलात? मेले की नाही ते?"

"श्वास घ्या. जोरात."

त्यांनी पाठीला नळी लावली, आणि तिथूनच मला फोन केला. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "न्यूमोनिया. उजवीकडे खाली. मी कागद लिहितो, तुम्ही औषध घेऊन स्वतः या. हिला याची खरी गरज आहे."

मी पळत गेले. तालुक्याची रुग्णवाहिका येईपर्यंत पहिली मात्रा पोटात गेली होती. गिळण्याआधी बुन्र्येने माझ्या तळहातावरची कॅप्सूल बघितली. ती लाल-पिवळी नव्हती, साधी पांढरी होती.

"ही कसली?" ती धापा टाकत म्हणाली.

"तिची थोरली बहीण," मी म्हटलं. "गीळ गुपचूप."

दहा दिवसांनी ती इस्पितळातून घरी आली आणि पंधराव्या दिवशी चिखलात उतरली. त्यानंतर तालुक्याच्या बसमधले सोल्मेचे रोगी आपोआप कमी झाले. दर तिमाहीला आकडा यायचा. एकाहत्तर. अठ्ठेचाळीस. सव्वीस. तो आला की डॉक्टर खाली येऊन माझ्यासोबत डबा खायचे. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे तेव्हा कळलं नाही.

दोन हजार तेरात त्यांनी दवाखाना बंद केला आणि लेकीकडे सुवॉनला गेले. वर दुसरा कुणी डॉक्टर आला नाही. गाव म्हातारं झालं. आता लोक जिल्ह्याच्या इस्पितळातून नव्वद-नव्वद दिवसांचे कागद आणतात. रक्तदाब, साखर, विसरभोळेपणा. यंत्र पुड्या भरतं, मी पिशवीत घालते. दुखणं कुणी सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. शेवटच्या बसने परतायचं ठरवून आम्ही बायका सुवॉनला गेलो. अंत्यविधीच्या हॉलमध्ये पाय दुमडून बसल्यावर, रीतीप्रमाणे तिखट रश्श्याचे वाडगे समोर आल्यावर, थोडा वेळ सगळ्या खरंच रडल्या. मग कुणीतरी म्हणालं, डॉक्टर चांगले, पण नर्सबाई इंजेक्शनच्या आधी ढुंगणावर काय चापट मारायची!

"तुला एक मारायची, मला दोन," बुन्र्ये म्हणाली. तेव्हा ती ब्याऐंशीची होती. "माझं मोठं होतं ना!"

हसू दाबता दबेना. शेजारच्या टेबलावरची शहरातली मंडळी वळून बघू लागली. शोकवस्त्रातली डॉक्टरांची लेक उठून आमच्याकडे आली. मला वाटलं, आता रागावणार. ती आमच्यात गुडघे टेकून बसली, बुन्र्येचा वाडगा पुन्हा भरला आणि म्हणाली, "आजी, बाबांचं आणखी सांगा ना. घरी ते काहीच बोलायचे नाहीत."

आम्ही शेवटची बस चुकवली.